क्ष-किरण विभागातील पहिले पंधरा दिवस

आपल्या संस्थेच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी वैद्यकविषयक काहीतरी लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा मधुमेह किंवा रक्तदाब यांवर चार उपयुक्त शब्द लिहून मोकळे व्हावे, असे प्रथम आमच्या मनात आले. पण त्याच सुमारास मोरजाईच्या देवळाच्या आवारात आपल्याच एका सभासदांचा मुलगा भेटला. तो वैद्यकीय महाविद्यालयात शिकतो. कुशलप्रश्न झाल्यावर म्हणाला, "डॉक्टरकाका, पुढल्या महिन्यात आमच्या तुकडीचे पोस्टिंग क्ष-किरण विभागात आहे. तेथे ना खाटा, ना रोगी. नुसता काळोख आणि पडदे. अशा ठिकाणी सरांवर चांगली छाप पाडायची तरी कशी?"

प्रश्न प्रामाणिक होता. शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या आईनेही, "सांगा हो त्याला काही," म्हणून भर घातली. आरतीची वेळ झाली होती, म्हणून आम्ही दोन वाक्यांत उत्तर दिले. घरी आल्यावर ते उत्तर फार अपुरे वाटू लागले. तेव्हा या खेपेस मधुमेहाला रजा देऊन त्या मुलाचे उत्तर पुरे करावे, असे आम्ही ठरविले आहे. ज्यांच्या घरी वैद्यकीचा विद्यार्थी नाही, अशा वाचकांसही यातील काही भाग उपयोगी पडेल. कारण क्ष-किरणांच्या टेबलावर केव्हा ना केव्हा आपण सर्वच जण झोपतो.

या विद्येचा जन्म ८ नोव्हेंबर १८९५ चा. जर्मनीतील व्यूर्ट्सबुर्ग येथील विल्हेल्म राँटगेन या प्राध्यापकाला आपल्या प्रयोगशाळेत हे अदृश्य किरण सापडले, आणि त्याच वर्षी २२ डिसेंबरला त्याने पत्नीच्या हाताचे छायाचित्र घेतले. त्यात हाडे दिसतात व बोटातील अंगठीही दिसते. १९०१ साली पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक त्यालाच मिळाले. शोधाचे पेटंट मात्र त्याने घेतले नाही. हे किरण सापडले तेव्हा १८४२ साली स्थापन झालेल्या पणजीच्या वैद्यकीय शाळेची पन्नाशी उलटून गेली होती. तीच शाळा १९६३ पासून गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाली, आणि आज आपल्या मुलांना बांबोळीच्या पठारावर जावे लागते ते तिच्याच वारसाकडे. आता क्ष-किरण विभागात केवळ क्ष-किरण राहिलेले नाहीत. ध्वनिलहरींवर चालणारी सोनोग्राफी आली. ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या एका इंग्रजी कंपनीतील हौन्सफील्ड नावाच्या अभियंत्याने सी.टी. स्कॅनचे यंत्र बनविले, आणि १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रोग्याच्या मेंदूचे चित्र त्यावर घेण्यात आले. पुढे चुंबकावर चालणारा एम.आर.आय. आला. यंत्रे वाढली, तरी आम्हांस सांगावयाचे आहे ते एका साध्या फिल्मवरूनही सांगता येईल.

आमच्या विद्यार्थीदशेतील, म्हणजे सुमारे चाळीस वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे. ज्या इस्पितळात ती घडली त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. चूक सर्वस्वी आमची होती. संगणकाचा पडदा तेथे तेव्हा आलेला नव्हता. काळोख्या खोलीत फिल्म धुऊन, वाळवून, दिव्याच्या पेटीवर लावून पाहावयाची. वर्गात आमचा क्रमांक बरा असे, आणि बरा क्रमांक असलेल्या मुलाला जी घाई असते ती आम्हांलाही होती. सर येण्यापूर्वीच गठ्ठ्यातील वरची फिल्म आम्ही पेटीवर अडकविली आणि पाहतो तो काय, हृदयाची छाया उजव्या बाजूस! हजारोंत एखाद्याला असणारी, पुस्तकात वाचलेली गोष्ट आयतीच हाती लागली होती. सर आत पाऊल टाकतात न टाकतात तोच, "सर, याचे हृदय उजवीकडे आहे, डेक्स्ट्रोकार्डिया," असे आम्ही साऱ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केले.

सर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "रोगी बाहेर बाकावर बसला आहे. त्याच्या छातीवर हात ठेव आणि ठोका कोठे लागतो ते पाहून ये."

बाहेर आपल्याच पेडणे तालुक्याच्या किनाऱ्यावरचा एक वृद्ध रापणकार बसला होता. पहाटेची फेरीबोट धरून तो आला होता. शेजारी त्याची बायको पदर तोंडाशी धरून रडत होती, कारण दार उघडे होते आणि आमची घोषणा तिने ऐकली होती. "दोतोरबाब," ती म्हणाली, "काळीज भलत्या बाजूला गेले म्हणजे माणूस आता राहायचा नाही ना?" आम्ही म्हाताऱ्याच्या छातीवर हात ठेवला. ठोका डावीकडे, जेथे लागावयास हवा तेथेच, लागत होता. फिल्म आम्ही उलटी लावली होती. तिच्या कोपऱ्यातील अक्षर आरशात दिसावे तसे उलटे दिसत होते, पण त्याकडे आम्ही पाहिलेच नव्हते.

आत आलो तो सरांनी फिल्म सुलटी करून ठेवली होती. "आता सांग." शरमेने आमचे डोळे फिल्मवर ठरेनात. हृदय जागेवर दिसले, बरगड्या धड दिसल्या, आणि आम्ही "नॉर्मल" म्हणून मोकळे झालो. तेव्हा सरांनी पेन्सिलीचे टोक उजव्या खांद्याजवळ, गळ्याच्या हाडामागे नेऊन ठेवले. तेथे सुपारीएवढी एक पुसट छाया होती, आणि तिच्या मध्यभागी किंचित काळी पोकळी. पुढे थुंकीच्या तपासणीत क्षयाचे जंतू निघाले. इतके झाल्यावर सरांनी विचारले, "घरात आणखी कोण खोकते?" ते आम्ही विचारलेच नव्हते. पुन्हा बाहेर गेलो. सहा वर्षांचा नातू म्हाताऱ्याच्याच चटईवर निजत असे, आणि महिनाभर त्याला खोकला व संध्याकाळची कणकण होती. पुढल्या आठवड्यात त्याची फिल्म निघाली. फुप्फुसाच्या मुळाशी गाठ वाढलेली होती. आजोबा आणि नातू यांची औषधे एकदमच सुरू झाली.

त्या बाईची क्षमा मागावी, असे आम्हांला सरांनी सांगितले नव्हते. ते आमचे आम्हांला दुसऱ्या दिवशी सुचले, आणि तोवर ती गावी निघून गेली होती.

तेव्हा क्ष-किरण विभागात रोगी नसतात, हा समज विद्यार्थ्याने पहिल्या दिवशीच दाराबाहेर ठेवावा. रोगी असतो, तो भिंतीपलीकडे असतो इतकेच. आणि छाप पडते ती फिल्मवरचे नाव झटकन सांगणाऱ्याची पडत नाही. त्या भिंतीपलीकडे जाऊन येणाऱ्याची पडते. हे आम्ही पुढे स्वतः विद्यार्थ्यांना शिकविताना अनेकदा पाहिले आहे.

प्रत्यक्षात याचा अर्थ असा. वॉर्डातून तपासणीसाठी जो कागद येतो, त्यावर पुष्कळदा "पोटात दुखते" एवढेच लिहिलेले असते. किती दिवस दुखते, कोठे दुखते, ताप आहे काय, पूर्वी शस्त्रक्रिया झाली आहे काय, यांतले काही नाही. क्ष-किरणतज्ज्ञाला एवढ्यावरून शेकडो चित्रे चाळावयाची असतात. विद्यार्थ्याजवळ त्या काळात वेळ असतो, पाय तरुण असतात. त्याने जिना चढून वॉर्डात जावे, रोग्याशी दोन मिनिटे बोलावे, केसपेपर पाहावा. सी.टी.पूर्वी शिरेतून आयोडीनयुक्त औषध द्यावयाचे असेल तर मूत्रपिंडाच्या कामाचा, म्हणजे क्रिएटिनिनचा, आकडा टिपून घ्यावा. मागे कधी अशा औषधाने अंगावर गांधी उठल्या होत्या काय, मधुमेहाची कोणती गोळी चालू आहे, हेही विचारावे. मग परत येऊन हळूच सांगावे, "सर, या बाईंना दुखणे बेंबीपाशी सुरू झाले आणि आता उजवीकडे खाली सरकले आहे." एवढ्या एका वाक्याने तज्ज्ञाचे डोळे चित्रात कोठे प्रथम जातील, हे ठरते.

याहूनही एक मोठी गोष्ट आहे, आणि ती क्वचितच कोणी करतो. शल्यवैद्य पोट उघडतो तेव्हा त्याला खरे काय होते ते डोळ्यांनी दिसते. वॉर्डातील डॉक्टरला रोगी बरा होताना दिसतो. क्ष-किरणतज्ज्ञ आपले मत लिहून देतो, आणि त्या मताचे पुढे काय झाले हे त्याला बहुधा कळतही नाही. तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी जो विद्यार्थी येऊन सांगेल की, "सर, कालच्या बाईंचे अपेंडिक्स रात्रीच काढले, आपण म्हणालात तसे ते फुटलेलेच होते," किंवा, "सर, ते अपेंडिक्स नव्हते, बीजकोशाची गाठ पिळवटली होती," त्याचे नाव त्या विभागात वर्षभर कोणी विसरत नाही. दुसरी बातमी पहिलीपेक्षाही अधिक मोलाची, हे लक्षात असावे. मात्र ती चारचौघांत, विजयी मुद्रेने सांगू नये.

आता फिल्म पाहण्याविषयी. प्रथम नाव, वय, तारीख आणि बाजूचे अक्षर. यात आमची फजिती वर सांगितलीच आहे. पडद्यावरच्या चित्रात फिल्म उलटी लागण्याचा संभव कमी झाला असला, तरी एकाच नावाचे दोन रोगी आजही एकाच दिवशी येतात. आपल्या भागात तर नाव आणि आडनाव दोन्ही जुळणारी माणसे एका वाड्यावर सापडतात. त्यानंतर चित्र उभ्याने घेतले की झोपवून, किरण पाठीकडून आले की पुढून, हे पाहावे. झोपवून पुढून घेतलेल्या चित्रात हृदय आहे त्यापेक्षा मोठे दिसते. रोग्याने श्वास पुरा घेतला होता काय, हे मागच्या बाजूच्या बरगड्या मोजून कळते. पडद्याच्या स्नायूवर नऊ-दहा मोजता आल्या म्हणजे ठीक. मग एका ठरलेल्या क्रमाने सारे पाहावे. क्रम कोणताही असो, तो रोज तोच असावा. शेवटी चार ठिकाणी मुद्दाम परत जावे, कारण तेथे रोग दडून बसतो: गळ्याच्या हाडांमागची फुप्फुसांची शिखरे, हृदयाच्या मागचा भाग, फुप्फुसांची मुळे, आणि पडद्याच्या स्नायूखालची जागा. उभ्या चित्रात त्या शेवटच्या जागी उजवीकडे हवेची काळी कोर दिसली, तर आतडे किंवा जठर कोठेतरी फुटले आहे असे समजून त्याच क्षणी वरिष्ठांना सांगावे. तेथे दुसऱ्या दिवसाची वाट पाहावयाची नसते.

एक काहीतरी सापडले की मन समाधान पावते आणि शोध थांबतो. आमचे मन उजवीकडच्या हृदयावर असेच समाधान पावले होते. म्हणून पहिली गोष्ट सापडल्यावर मुद्दाम म्हणावे, "आणखी काय?"

बोलताना रोगाचे नाव आधी घेऊ नये. दिसते ते सांगावे. "न्युमोनिया आहे," असे म्हणण्याऐवजी, "उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात पांढरट छाया आहे, तिच्या कडा अस्पष्ट आहेत, हृदयाची कड मात्र स्पष्ट दिसते," असे म्हणणारा विद्यार्थी चुकला तरी शिक्षकास तो कोठे चुकला ते कळते, आणि त्याला शिकविता येते. नुसते नाव फेकणारा बरोबर आला तरी त्याने डोळ्यांनी पाहिले की अंदाज मारला, हे समजत नाही. माहीत नसेल तेथे "माहीत नाही" म्हणावे. आम्ही अशा उत्तराचे गुण कधी कापले नाहीत. आणि तज्ज्ञ अहवाल सांगत असताना मध्येच प्रश्न विचारू नये. एक अहवाल पुरा झाला की विचारावा. त्या खोलीत अर्ध्या शब्दावर लक्ष विचलित झाले तर तो शब्द कोणाच्या तरी आयुष्याशी संबंधित असतो.

पंधरा दिवसांपैकी दोन सकाळी तरी तंत्रज्ञांबरोबर काढाव्या. पुष्कळ विद्यार्थी त्यांना साधा नमस्कारही करीत नाहीत, हे आम्हांस फार खटकते. दुखणारा खांदा न हलविता चित्र कसे घ्यावे, रडणाऱ्या मुलाला आईच्या कुशीत कसे धरवावे, हे पुस्तकांपेक्षा त्यांना अधिक ठाऊक असते. येथे आपल्या पेडण्याच्या मुलांना एक विशेष लाभ आहे. "श्वास आत घ्या, धरून ठेवा" ही सूचना ध्वनिक्षेपकातून इंग्रजीत किंवा हिंदीत आली की खेड्यातून आलेली आजी घाबरून भराभर श्वास घेऊ लागते, आणि चित्र बिघडते. टेबलापाशी जाऊन तिच्या बोलीत, "आजी, तळ्यात बुडी मारताना धरतेस ना, तसा श्वास धर," असे कोणी सांगितले की काम एका खेपेत होते, आणि दुसऱ्यांदा किरण घ्यावे लागत नाहीत.

किरणांचे भय किती बाळगावे, हेही माहीत असावे. निसर्गातूनच माणसाला जगभर सरासरीने वर्षाकाठी २.४ मिलिसिव्हर्ट इतके किरण मिळतात. छातीची एक साधी फिल्म ०.१ किंवा त्याहूनही कमी; पोटाचे सी.टी. मात्र आठ-दहाच्या घरात जाते. म्हणून फिल्मला घाबरू नये आणि सी.टी. उगाच मागू नये. प्रारंभीच्या लोकांना हे ठाऊक नव्हते. एडिसनच्या प्रयोगशाळेतील क्लॅरेन्स डॅली हा मदतनीस या किरणांनी हात गमावून १९०४ साली मरण पावला. हाम्बुर्ग येथील इस्पितळाच्या आवारात १९३६ साली अशा हुतात्म्यांचे स्मारक उभारले, त्यावर १६९ नावे होती. तेव्हा शिशाचा अंगरखा जड आहे म्हणून खुंटीवर ठेवू नये. तो नसेल तर दूर सरावे; अंतर दुप्पट केले की किरण चौथाईवर येतात. तरुण स्त्रीला टेबलावर घेण्यापूर्वी ती गरोदर तर नाही ना, हे कोणी विचारले आहे याची खात्री करावी.

एम.आर.आय.च्या खोलीत हे किरण नाहीत, पण तेथील चुंबक यंत्र थांबले तरी चालूच असतो. २०१८ च्या जानेवारीत मुंबईतील एका मोठ्या रुग्णालयात रोग्याचा एक नातेवाईक ऑक्सिजनचे नळकांडे हातात घेऊन त्या खोलीत शिरला, आणि त्यात त्याचा प्राण गेला. त्या दारापाशी खिशातील किल्ली, कात्री, पेन काढून ठेवावे. आणि कोणी वरिष्ठ जरी "जा, जा, काही होत नाही" म्हणाले, तरी तेथील तंत्रज्ञ सांगेल तेच ऐकावे.

सोनोग्राफीच्या खोलीतील एक गोष्ट विद्यार्थ्यांइतकीच घरातील वडीलधाऱ्यांसाठी लिहितो. गर्भाचे लिंग सांगणे हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या अपराधालाही तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शब्दाने सांगणे तर नाहीच, खुणेनेही नाही. आपल्या ओळखीचा मुलगा तेथे आहे म्हणून एखादी मावशी लाडाने, "पेढा की बर्फी, एवढेच सांग रे," म्हणते. तिला वाटते, हा घरचा आहे. मुलाने हसून टाळू नये. सरळ नाही म्हणावे. आणि मावशीने विचारूच नये. तसेच कोणाच्याही तपासणीचे चित्र मोबाइलवर काढून मित्रमंडळींच्या गटात पाठवू नये. चित्राच्या कोपऱ्यात नाव असते, आणि आपल्याकडे नावावरून वाडा, वाड्यावरून घर कळावयास वेळ लागत नाही.

आता शेवटची विनंती घरोघरच्या मंडळींस आहे. त्या रापणकाराच्या बायकोची हकिगत अर्धीच सांगितली. आठ दिवसांनी नातवाला घेऊन ती परत आली, तेव्हा आम्ही तिची क्षमा मागितली. तिने ती गोष्ट मनावर घेतली नाही. उलट काखेतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू काढून आमच्या हातात दिली. होडीच्या कडेवर आपटून तीन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या बरगडीला मार बसला होता, तेव्हाची ती फिल्म. पेटाऱ्याच्या तळाशी, लुगड्यांखाली तिने ती सपाट ठेवली होती. आम्ही ती दुसरीच्या शेजारी लावली, या वेळी अक्षर पाहून. गळ्याच्या हाडामागची जागा जुन्या फिल्ममध्ये अगदी स्वच्छ होती. म्हणजे छाया नवी होती, जुन्या बऱ्या झालेल्या रोगाचा तो डाग नव्हता. सरांनी ती फिल्म बराच वेळ पाहिली आणि म्हाताऱ्याच्या कागदांबरोबर ठेवावयास सांगितली.

तेव्हा घरात जुन्या फिल्म्स असतील तर त्या माळ्यावर टाकू नयेत. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्या एकमेकींना चिकटतात. कोरड्या जागी सपाट ठेवाव्या, प्रत्येकीच्या पाकिटावर नाव आणि साल लिहावे, आणि इस्पितळात जाताना बरोबर न्याव्या. हल्ली तबकडी किंवा मोबाइलवरचे चित्र देतात. त्याबरोबर मिळालेला छापील अहवालही त्याच पाकिटात असू द्यावा.